आधी ढकल, मग वार

'डन्जन्स ॲण्ड ड्रॅगन्स'मध्ये लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते. तेवढ्यात चार-पाच शूरवीर आणि सात-आठ गॉब्लिन आपापलं काय ते उरकून घेतात. टेबलाभोवती बसलेल्या आम्हा माणसांना त्या सहा सेकंदांना अर्धा तास लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मजा तिथेच असते. तक्रार आहे ती त्यातली वीस मिनिटं 'हे कुठल्या खात्यात टाकायचं?' या प्रश्नावर जातात याबद्दल.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत आपली पाळी आली की थोडं चालता येतं, एक 'ॲक्शन' करता येते (वार, मंत्र वगैरे), आणि कधीकधी एक 'बोनस ॲक्शन' मिळते. कधीकधी म्हणजे, तुमच्या पात्राच्या एखाद्या कौशल्यावर तसं छापलेलं असेल तरच. दोन कौशल्यांवर छापलेलं असेल तरी पाळीत एकच. दोन हातांत दोन कुऱ्हाडी घेतलेल्या बार्बेरियनला संताप चढवायचा असेल, तर त्या पाळीत डाव्या हातातली कुऱ्हाड जादा वार करत नाही, कारण दोन्हींसाठी कूपन एकच. मोठी ॲक्शन मोडून सुट्टे मागावेत, तर तेही मिळत नाहीत.

आता माझी गोष्ट. पुण्यात आमच्या घरी रविवारी हा खेळ चालतो आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी असतो. माझी मावसबहीण कोल्हापूरची. लहानपणी तालमीत मर्दानी खेळ शिकलेली, ढाल-तलवारीसकट. तिने साहजिकच ढालवाली फायटर घेतली आणि 'शील्ड मास्टर' हे कौशल्य निवडलं. त्याचा नियम असा: तुम्ही पाळीत 'अटॅक' ही ॲक्शन घेतलीत, तर बोनस ॲक्शन वापरून ढालीने शत्रूला ढकलता येतं. ढकललेला शत्रू आडवा पडला की त्याच्यावर जवळून केलेल्या वारांसाठी दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. ती आधी ढकलायची, मग वार करायची. "ढाल काय नुसती अडवायला असतीय व्हय रे दादा?" वर्षभर हे सुखाने चाललं.

जेरेमी क्रॉफर्ड हे तेव्हा खेळाचे मुख्य नियमकार होते. 2015 साली त्यांनी ट्विटरवर सांगितलं होतं की ढकलणं आधी घ्या किंवा नंतर, तुमची मर्जी. 2018 साली त्यांनी मत फिरवलं: आधी अटॅक झाला पाहिजे, तो करण्याचा नुसता इरादा पुरेसा नाही. मी फोनवर ते वाचलं आणि पुढच्याच रविवारी, अरुंद पुलावर ओगर समोर उभा असताना, तिला सांगितलं की आजपासून आधी वार. तिने माझ्याकडे पाहिलं, मग शीटकडे पाहिलं, आणि वार केला. दोन्ही वार हुकले. नंतर तिने ढकललं, ओगर पडला, आणि आमच्यातल्या कुणाची पाळी यायच्या आत स्वतःची पाळी येताच उठून उभा राहिला. दिवाळीनंतर ती यायची थांबली. कारण तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हा मला नियम पाळल्याचं समाधान होतं. आज तो नियम मराठीत म्हणून बघतो आणि लाज वाटते. आपलं जर-तर काळाचा क्रम ठरवत नाही. 'पाऊस आला तर छत्री उघड' यात पाऊस आधी. 'परीक्षेला बसायचं असेल तर फॉर्म भर' यात फॉर्म आधी. मूळ इंग्रजी वाक्यही असंच दुतोंडी आहे, फक्त मराठीत सांगताना 'अटॅक केलास तर' म्हणायचं की 'करणार असशील तर' हे मला निवडावंच लागतं. म्हणजे टेबलावर निर्णय माझाच होता. मी तो ट्विटरवर ढकलला.

आणि लिहिणाऱ्यांना क्रम सांगता येत नव्हता असंही नाही. त्याच पुस्तकात मंकच्या 'फ्लरी ऑफ ब्लोज'मध्ये स्वच्छ लिहिलंय की अटॅकनंतर लगेच. जिथे 'नंतर' हवं होतं तिथे त्यांनी 'नंतर' लिहिलं. बोनस ॲक्शनबद्दलचा सर्वसाधारण नियमही सांगतो की वेळ नेमून दिलेली नसेल तर ती कधी घ्यायची हे खेळाडूने ठरवायचं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: समतोल. आधी ढकलायला मिळालं तर पुढचे सगळे वार सोपे होतात, मग बाकीच्यांनी काय करायचं? या म्हणण्यात तथ्य आहे. पण धक्का फार भारी वाटत असेल तर तो हलका करा, त्याची किंमत वाढवा. लढणाऱ्या बाईच्या हालचाली उलट्या लावून समतोल साधणं म्हणजे घोडा फार पळतो म्हणून टांगा त्याच्या पुढे बांधणं. शिवाय याच आवृत्तीत दोन वारांच्या मधे चालत जायची मुभा आहे. अटॅक पायांसाठी तुटतो, ढालीसाठी मात्र तुटत नाही!

मंत्रांचं तर विचारूच नका. 2014च्या नियमात बोनस ॲक्शनने 'हीलिंग वर्ड' म्हणून मित्राला शुद्धीवर आणलंत की त्याच पाळीत 'फायरबॉल' बंद, फक्त फुटकळ मंत्र चालतात. पण फायटरकीचा 'ॲक्शन सर्ज' पदरी असेल तर एका पाळीत दोन फायरबॉल बिनदिक्कत. हे नव्या खेळाडूला समजावताना माझा चेहरा बँकेत सही जुळत नाही म्हणून सांगणाऱ्या कारकुनासारखा होतो.

वेळेचा हा हिशेब आजचा नाही. 1979च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये फेरी एक मिनिटाची होती, तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे, आणि कुठला मंत्र किती तुकडे खातो याची गणितं. तेही किचकट होतं, पण निदान वेळ ही वेळ होती. तिसऱ्या आवृत्तीच्या उत्तरार्धात 'स्विफ्ट ॲक्शन' आली, 2008च्या चौथ्या आवृत्तीत 'मायनर ॲक्शन'. चौथीला खूप शिव्या पडल्या, पण तिच्यात मोठी ॲक्शन देऊन छोटी घेता यायची. पाचवीने नाव बदललं आणि ती सोय काढून टाकली.

2019च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत पाळीला तीन सारख्या ॲक्शन मिळतात. वार एक, चालणं एक, ढाल उचलणं एक, धक्का एक, क्रम तुमचा. दुसऱ्या वाराला उणे पाच, तिसऱ्याला उणे दहा, त्यामुळे हावरटपणाला आपोआप लगाम. तिथेही थैलीतून बाटली काढायला एक आणि प्यायला एक असा चिक्कूपणा आहेच. पण चलन एकच असल्यामुळे भांडण किमतीवर होतं, खात्यावर होत नाही. मला हे भांडण परवडतं.

2024च्या नव्या पुस्तकात डीअँडडीवाल्यांनी बरंच काही निमूटपणे दुरुस्त केलंय. औषधी काढा पिणं आता बोनस ॲक्शन, जे कित्येक टेबलांवर आधीपासून चाललं होतं. आणि शील्ड मास्टरमधून बोनस ॲक्शन पारच गेली: वार लागला की लगेच ढालीचा तडाखा, पाळीत एकदा. पहिल्या वाराला पाडलं की दुसऱ्या वाराला फायदा. खेळ काही कोसळला नाही.

तो परिच्छेद मी बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि खाली लिहिलं की त्या पुलावर माझं चुकलं होतं, रविवारी ये. दोन दिवस निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग उत्तर आलं, "पण वार आधीच हाय की रे दादा."