वाटेवरची चूल

नोव्हेंबर लागला की आमच्या भागातील गावागावांत एकच चौकशी सुरू होते : यंदा जुन्या गोव्यास पायी कोण कोण निघणार? संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण ३ डिसेंबरचा, नोव्हेना २४ नोव्हेंबरपासून. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी अशी वाट धरली तर शंभर किलोमीटरांच्या आसपास चाल पडते आणि तीन-चार मुक्काम तरी होतात. रात्रीच्या जेवणाची सोय कोणी ना कोणी सज्जन करतोच. पहाटेचा चहा, आजाऱ्याची पेज, लेकरांचे दूध ह्यांसाठी मात्र आपली चूल आपल्याबरोबर असावी लागते.

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडताना एका मावशींनी आम्हांस गाठले. त्यांचा थोरला यंदा प्रथमच चालत निघणार आहे, आणि त्याने मोबाइलवर लाकडाची एक लहानशी चूल पाहून ठेवली आहे. "पिशवीत मावते आणि धूर म्हणून येत नाही म्हणतो. घेऊ देऊ काय त्याला?" असा मावशींचा प्रश्न. उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. म्हणून ते येथे देत आहोत. आणखीही काही घरांत हाच प्रश्न निघाला असेल.

चूल पाहण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. किती माणसांचे शिजवायचे, आणि चूल वाहणार कोण? मंडळीच्या मागे सामानाचा टेम्पो असेल तर वजनाची चिंता नको. मग कोपरासारख्या वळणाची, आडव्या तोंडातून लाकूड सारायची आणि उभ्या नळीतून ज्वाला वर नेणारी जड चूल घ्यावी. १९८० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील ऑरेगन राज्यात लॅरी विनिआर्स्की ह्यांनी ॲप्रोव्हेचो संस्थेत ह्या चुलीची नीट मांडणी केली, आणि आज ती जगभर वापरली जाते. तीवर दहा-बारा माणसांच्या भाताचा टोप सहज बसतो. पाठीवर घेऊन घाट उतरायचा असेल तर मात्र तिचा विचार नको.

पाठीवरच्या चुलींत आमची पसंती घडीच्या चुलीस आहे. पोलादी पत्र्याचे चार-पाच तुकडे एकमेकांत अडकवले की चौकोनी डबा उभा राहतो. काम झाले की तो पाटीसारखा सपाट होतो. समोर खिडकी असते, तीतून काटक्या हळूहळू सारीत राहायचे, जशा घरच्या चुलीत सारतो तशाच. बिघडण्यासारखे तीत काही नाही. पत्र्याचे काम जाणणारा गावातला कारागीरही ती करून देईल. फक्त जस्त चढवलेला पत्रा वापरू नका असे त्यास बजावावे. जस्त फार तापले की त्याची वाफ होते आणि ती छातीत गेल्यास थंडीताप भरतो. टायटेनियम नावाच्या धातूच्या चुली पोलादाच्या निम्म्याहून थोड्या अधिक वजनाच्या असतात. त्यांची किंमत मात्र वजनाच्या उलट्या दिशेने जाते.

मावशींच्या मुलाने पाहिलेली चूल दुहेरी भिंतीच्या डब्याची असावी. तिची करामत समजून घेण्याजोगी आहे. वाळलेले लाकूड तापले की त्याच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग वायुरूप होऊन निघतो. आपण ज्वाला म्हणतो ती ह्या वायूंची. पुरेशी हवा व उष्णता न मिळताच निसटलेला भाग म्हणजे धूर. अर्थात धुरातून आपले सरपणच वाया जात असते. दुहेरी डब्यात खालच्या छिद्रांतून शिरलेली हवा दोन भिंतींमधील पोकळीत तापत वर चढते, वरच्या काठाखालच्या छिद्रांतून आत येते, आणि निसटू पाहणारा धूर तेथेच पेटतो. म्हणून विकत घेताना बाहेरच्या भिंतीस खाली आणि आतल्या भिंतीस वर, अशा छिद्रांच्या दोन्ही ओळी आहेत ना, हे पाहावे. नसतील तर तो नुसता डबा होय. चूल चांगली, परंतु मानी. काटक्या बोटाएवढ्या आणि कडकडीत वाळलेल्याच लागतात, आणि वरून भरायच्या असल्याने दर खेपेस भांडे उचलावे लागते. दोघांच्या चहास ठीक. आठ जणांच्या पेजेस नव्हे.

आणखी दोन प्रकार थोडक्यात सांगतो. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील केली घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी किटली म्हणजे आमच्या घराघरांत असलेला आंघोळीचा बंबच, केवळ हातात धरण्याएवढा : मध्ये धुराडे, भोवती पाणी. वाऱ्यातही पाणी चटकन उकळते. मात्र तोंडाचे बूच काढल्याखेरीज ती विस्तवावर कधीही ठेवू नये. दुसरी पंख्याची चूल. ती उष्णतेपासून थोडी वीज करते, त्या विजेवर पंखा फिरवते आणि मोबाइलही भरते. तरुणांस ती मोह घालील. किलोभर वजनाची ही वस्तू ऐन वेळी रुसली तर जांबोटीत ती दुरुस्त कोण करणार, एवढेच आम्ही विचारतो.

सरपण मात्र घरूनच न्यावे. लिटरभर पाणी उकळण्यास अशा चुलीत शंभर-दीडशे ग्रॅम वाळक्या काटक्या पुरतात. तेव्हा दोन-तीन किलोंची एक पिशवी चौघांत वाटून नेता येते. नारळाच्या करवंट्यांचे तुकडे उत्तम. बांबू फोडून घ्यावा, नाहीतर पेर फटाक्यासारखे फुटते. काजूच्या बियांची टरफले नकोत, त्यांच्या तेलाचा धूर घसा व डोळे जाळतो. बिब्बा आणि कण्हेर ह्यांची काटकी तर हातातही धरू नये. घाटात सरपण गोळा करू, असे कोणी म्हणेल. चोर्ल्याच्या उतारावर गोव्याच्या बाजूस १९९९ साली घोषित झालेले म्हादई अभयारण्य आहे. तेथून लाकूड उचलणे किंवा रानास धोका होईल असा विस्तव पेटवणे १९७२ च्या कायद्यान्वये गुन्हा ठरतो. मार्च २०२३ मध्ये त्या डोंगरांत पेटलेले वणवे ज्यांनी पाहिले, त्यांस कायद्याची आठवण करून द्यावी लागत नाही. गावच्या अंगणात, घरधन्यास विचारून चूल मांडावी.

आता "धूर येत नाही" ह्या शब्दांविषयी. ते मावशींच्या तोंडून ऐकताच आम्हांस एक रात्र आठवली. कित्येक वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण चालत निघालो होतो. घाट चढण्याच्या आदल्या संध्याकाळी अवेळी पाऊस आला आणि एका रिकाम्या खोलीत आसरा मिळाला. दुहेरी डब्याची चूल आमचीच. ओसरीवर चहा केला, ज्वाला विझली, धुराची रेघही नव्हती. तळाशी निखारे तेवढे लाल. आमच्यातील एका वृद्धाचे पाय गारठले होते. चूल आत आणून त्यांच्या पायांशी ठेवली ती आम्हीच, आणि वारा येतो म्हणून दार लावले तेही आम्हीच.

अर्ध्याएक तासाने डोकी जड झाली. चालण्याचा शीण, असे वाटले. चौदा वर्षांचा एक मुलगा उठून बसला, ओकला आणि भिंतीशी कलंडला. तेव्हा ज्यांचे पाय शेकत होते ते अण्णाच ओरडले, "दार उघडा! आगटीचं विष चढलंय!" त्यांनी कधीकाळी वीटभट्टीवर काम केले होते. आम्ही पोरास उचलून भर पावसात बाहेर आणले. ओसरीवर त्याने डोळे उघडले, पण बोलणे तोतरे. गावातील एकाने जीप काढली. दवाखान्यात रात्रभर प्राणवायू दिल्यावर तो बरा झाला. त्याच्या आईस सकाळी काय सांगावे, ह्याचे शब्द आम्हांस वाटेत सुचले नाहीत.

त्या वायूस कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्यास प्राणवायू चिकटतो त्यास तो दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे छाती वरखाली होत असूनही शरीर गुदमरते. आणि ज्वाला व धूर संपून निखारे उरतात तेव्हाच तो विशेष सुटतो. तंबू, टेम्पोची ताडपत्री, शाळेची बंद खोली, कोठेही चूल अथवा निखारे आत नेऊ नयेत. एकाच छपराखाली दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर शीण समजू नये. सर्वांस आधी बाहेर काढावे, मग वैद्याकडे न्यावे.

म्हणून चूल निवडताना आम्ही आणखी एक परीक्षा करतो. तीतील निखारे एका झटक्यात ओतून काढता येतात की नाही? घडीच्या चुलीतून येतात. ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओतून झाकण लावावे म्हणजे हवेवाचून विझतात. तो डबाही रात्रभर अंगणातच ठेवावा, आणि पहाटे तळास हात लावून गार असल्याची खात्री झाल्यावरच पिशवीत घालावा.

मावशींना आम्ही इतके सगळे सांगितले नाही. घडीची घ्या आणि झाकणाचा डबा विसरू नका, एवढेच म्हणालो. काल त्यांच्या परसात मुलगा नव्या चुलीवर पेज शिजवीत होता. पेज तळाशी लागली होती. मावशी ओट्यावरून म्हणाल्या, "अरे, काटक्या मागे ओढ की जरा!"