फळ्यावरचा सुविचार

हिमायतनगरची शाळा घ्या की नांदेडची, फळ्यावर रोज एक सुविचार असतो. मुले तो मोठ्याने म्हणतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरतात. दोष मुलांचा नाही. ज्या वाक्यामागे कोणाचे जगणे दिसत नाही, ते ध्यानात किती वेळ टिकणार?

वाचकहो, आम्हाला अशा वेळी वामनदादा कर्डक आठवतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली त्यांचा जन्म. मुंबईत मजुरी करीत असताना एकाने विश्वासाने पत्र वाचायला पुढे केले, आणि दादांना तर अक्षरओळखच नव्हती! अशा वेळी माणूस काहीतरी निमित्त सांगून सुटतो, स्वभावच तो. दादा मात्र त्या लाजेपोटी अक्षरे गिरवायला बसले. १९४३ साली पहिले गीत रचले. पुढे २००४ साली निधन होईपर्यंत हजारो गीते लिहिली, गावोगाव फिरून गायिली. आमच्या कितीतरी मायमाउल्यांनी पुस्तक कधी उघडले नाही, तरी बाबासाहेब त्यांना निंदणी-खुरपणी करताना तोंडपाठ होते, ते या गाण्यांमुळे. (कला कशासाठी, यावर विद्वानांनी खुशाल भांडावे.)

अंगठा उठवणारी आजी ज्या घरात आहे, तिथल्या नातवाने आज संध्याकाळी तिला तिचे नाव गिरवायला शिकवावे. दादांचे एखादे गाणे तिला येत असेल, तर तेही तिच्या तोंडून वहीत उतरवून घ्यावे.