एसी कोणत्या भिंतीवर लावायचा, ते तुम्ही ठरवा

एसी किती टनांचा घ्यावा, यावर घरात भरपूर चर्चा होते. तो कोणत्या भिंतीवर लावायचा, हे मात्र बसवायला आलेला माणूस पाच मिनिटांत ठरवतो. माझ्या मते आरोग्यासाठी हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

थंड झोत रात्रभर थेट अंगावर आला तर घसा कोरडा पडतो, डोळे चुरचुरतात, मान आखडते. म्हणून झोत पलंगावर किंवा पाळण्यावर येईल अशी जागा टाळा. पाणी जाणाऱ्या पाइपला बाहेरच्या बाजूला उतार हवा. नाहीतर पाणी भिंतीत मुरते, बुरशी येते आणि दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. तंत्रज्ञ जाण्यापूर्वी त्याला आतल्या ट्रेमध्ये पाणी ओतून दाखवायला सांगा. फिल्टर तुम्हाला सहज काढता यावा. वापर असेल तेव्हा तो दर पंधरा दिवसांनी धुवा.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे रोज थोडा वेळ खिडक्या उघडा. तापमान २४ अंशांच्या आसपास पुरते.

हे सगळे भिंतीला भोक पाडण्याआधी बोला. नंतर जागा बदलणे खर्चाचे होते आणि मग त्रास तसाच सोसला जातो.