शेवटचं गाणं संपलं, सीडी नाही!

परवा माळा आवरताना मावसभावाच्या सीडींचा खोका सापडला. त्यात ‘निर्वाणा’चा १९९१चा अल्बम होता, ‘नेव्हरमाइंड’. जुन्या प्लेअरवर लावला. शेवटचं गाणं संपलं, मी मोबाइलमध्ये घुसले आणि प्लेअर बंद करायचा राहिला. दहाएक मिनिटं चिडीचूप. मग अचानक गिटार-ड्रम्सचा असा दंगा सुरू झाला, की आई स्वयंपाकघरातून धावत आली! कव्हर बघितलं, तर या गाण्याचं नावच नाही.

याला म्हणतात हिडन ट्रॅक. सीडीच्या जमान्यात बँड्सनी त्यात काय काय करून ठेवलंय बघा. ‘नाइन इंच नेल्स’च्या ‘ब्रोकन’च्या (१९९२) एका आवृत्तीत सहा गाण्यांनंतर तब्बल ९१ ट्रॅक नुसते शांत आहेत, मग ९८ आणि ९९ नंबरवर दोन गाणी. ‘ब्लर’च्या ‘थिंक टँक’मध्ये (२००३) तर एक गाणं पहिल्या ट्रॅकच्याही आधी दडलंय. कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो, याची यादी सीडीवरच असते आणि प्लेअर तेवढंच वाचून चालतो. पहिल्या ट्रॅकवरून रिवाइंड दाबून मागे गेलात, तरच ते सापडणार.

‘गिमिक आहे सगळं,’ असं तुम्ही म्हणाल. थोडं होतंच. आणि आज अ‍ॅपवर जेवढं ऐकतो, तेवढ्या सीडी आपल्या पॉकेटमनीत आल्या नसत्या, हेही मान्य.

पण हिडन ट्रॅक ठेवणाऱ्याला एक भरवसा होता: कुणीतरी शेवटपर्यंत थांबेल. आपण थांबतो का? इंट्रो जरा लांबला, की स्किप! निर्वाणाचं ते गाणं, ‘एंडलेस, नेमलेस’, आता अ‍ॅपवर नावासकट यादीत दिसतं. तरी अ‍ॅपनं मला ते कधी सुचवलं नाही, कारण मी तसलं काही ऐकतच नाही. सुचवलं असतं, तरी पाच सेकंदांत स्किप केलं असतं. आपल्याला आवडतं तेच पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं, तर नवीन काही आवडणार कधी?

म्हणून या रविवारी एक करा. घरात सीडी शोधा. नसेल, तर अ‍ॅपवर एखादा अल्बम शफल बंद करून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आवडेलच, याची गॅरंटी नाही. पण शेवटचं गाणं संपलं, की लगेच बंद करायला धावू नका. थोडं थांबा.