मंगळवारची इडली

परवा ऑफिसजवळच्या मॉलमध्ये इडली खाल्ली. लाकडी ताटली, त्यावर केळीच्या पानाचा गोल तुकडा, इडलीवर तूप आणि पोडी, बाजूला इवल्याशा तीन वाट्यांत तीन रंगांच्या चटण्या. दिसायला एकदम झक्कास! फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मग सवयीने हात वर करून म्हटलं, "जरा सांबार आणा हो." तर तो पोरगा अदबीने म्हणाला, "मॅम, एक्स्ट्रा सांबार चार्जेबल आहे."

बास! तिथल्या तिथे मला माटुंगा आठवलं.

ज्यांनी माटुंगा ईस्टला सकाळी सातला पाऊल ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. कॅफे म्हैसूर १९३६ चं, रामाश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं आणि रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आधीपासून ही मंडळी मुंबईला खाऊ घालतायत. दक्षिणेतून नोकरीसाठी आलेली माणसं या भागात राहिली. टायपिंग-शॉर्टहँडवर पोट भरणाऱ्या त्या एकट्या कारकुनांना ऑफिसला जाण्याआधी गावाकडच्या चवीचं काहीतरी हवं होतं. तुमच्या-माझ्यासारखेच की ते! फक्त त्यांच्याकडे डिलिव्हरी ॲप नव्हतं.

आम्ही सायनला राहायचो. बाबा रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये. आठवडाभर ज्या स्टेशनावर उतरायचे, तिथेच रविवारी मला घेऊन उतरायचे, स्टेशनबाहेरच्या रामाश्रयमध्ये जायला. रांग असायचीच. आत गेलं की जागा मिळेल तिथे बसायचं. समोर कुणी पेपर वाचणारे आजोबा, बाजूला कॉलेजची पोरं. अनोळखी माणसाच्या ताटापासून चार बोटांवर आपलं ताट. आणि सगळा पाढा एका दमात म्हणणारा वेटर. तो थांबला की आपण पहिलाच पदार्थ सांगायचा, कारण बाकीचे लक्षातच राहिलेले नसायचे!

आमची ऑर्डर मात्र ठरलेली. बाबांची इडली, सांबारात पार बुडवलेली. माझा साधा डोसा. आणि शेवटी दोघांत मिळून एक पायनॅपल शिरा. मग बाबांची कॉफी. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, असा फेस आणत बसायचे. तेवढा वेळ मला पाय हलवत शिऱ्यातले अननसाचे तुकडे शोधायला मिळायचे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मला केटी लागली. घरात मी सोडून सगळ्यांनी पेढ्यांची तयारी केली होती. रात्रभर रडले. सकाळी सहाला बाबांनी हलवून उठवलं. "चल, माटुंग्याला जाऊन येऊ."

"बाबा, आज मंगळवार आहे."

"मग? मंगळवारी काय इडली बंद असते?"

रांगेत गप्प. टेबलावर गप्प. मी डोश्याचे तुकडे नुसते चटणीत फिरवत होते, आत्ता ओरडतील, मग ओरडतील. बाबांनी इडली संपवली, सांबार अजून एकदा मागून घेतलं, तेही संपवलं. मग विचारलं, "किती विषय राहिले?"

"दोन."

"बरं. शिरा सांगू?"

एवढंच! तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही. दोन्ही केट्या पुढच्या खेपेला सुटल्या.

मग नोकरी, लग्न, ठाण्याला घर. 'पुढच्या रविवारी नक्की' असं म्हणत किती रविवार गेले, मोजले नाहीत. गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, 'रिस्ट्रक्चरिंग' हा शब्द चार वेळा, आणि दुपारपर्यंत लॅपटॉप परत. घरी फक्त नवऱ्याला सांगितलं. आई-बाबांना कसं सांगायचं, त्याची आठ दिवस मनातल्या मनात रिहर्सल केली. शेवटी बाबांना फोन लावला. "उद्या सकाळी माटुंग्याला येता?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "येतो."

आता त्यांना रांगेत उभं राहवत नाही. बाहेर एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. नंबर लागला. इडली, डोसा. मी हवापाण्यावर बोलत होते, ते मान डोलवत होते. इडली संपली. सांबार अजून आलं, न मागता आणि फुकट! तेही संपलं. मग बाबांनी रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "किती विषय राहिले?"

मी बघतच राहिले. तेव्हा लक्षात आलं, तो मंगळवार होता.

"एकच, बाबा. नोकरी."

"बरं," बाबा म्हणाले. "शिरा सांगू?"

पुढे तीन महिन्यांनी दुसरी नोकरी लागली, तीच ही, मॉलशेजारची. असो. तुमचंही असं एखादं उडप्याचं टेबल असेलच ना? जाऊन या एकदा. पण रविवारी जा हं. आडवारी बोलावलंत तर घरच्यांना लगेच कळतं!