उत्तमर्ण आणि अधमर्ण

गेल्या महिन्यांत आमची धाकटी बहीण दोन दिवसांसाठीं म्हणून आमच्याकडे आली, आणि पहिल्याच संध्याकाळीं, देवापाशीं दिवा लावून झाल्यावर, तिनें येण्याचें खरें कारण सांगितलें. "दादा, तूं त्याला सांग. तुझं तो ऐकतो. कारखाना बंद कर आणि पुन्हा नोकरी बघ म्हणावं." तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, यंत्रविद्येचा पदवीधर. चांगली नोकरी सोडून सहा वर्षांपूर्वीं त्यानें भोसरीस एक गाळा भाड्यानें घेतला, दोन लेथ आणि एक संगणकावर चालणारें मिलिंगचें यंत्र कर्ज काढून आणलें, आणि मोटारींस लागणारे लहान सुटे भाग तो तेथें करूं लागला. हाताखालीं नऊ माणसें आहेत. बहिणीच्या मतें धंदा बसत चालला होता. कारण दिवाळीपूर्वीं त्यानें बायकोच्या पाटल्या गहाण ठेविल्या, ही गोष्ट तिच्या कानांवर आली होती.

आम्ही भोसरीस गेलों. धंदा बसला असता तर यंत्रें थंड दिसतीं. येथें तर एकमेकांचें बोलणें ऐकूं येईना. भाच्यानें आम्हांस कोपऱ्यांतील फळ्यांच्या खोलींत बसविलें, चहा मागविला, आणि आम्हीं कांहीं विचारण्यापूर्वींच एक वही पुढें केली. डाव्या पानावर पुरविलेला माल, उजव्या पानावर आलेले पैसे. डावें पान कांठोकांठ भरलेलें, उजवें निम्म्याहून अधिक कोरें. वीस लाख रुपयांच्या वर येणें होतें. पाटल्या ठेवून जे पैसे आले ते कामगारांच्या पगारास आणि बोनसास गेले होते.

संस्कृतांत कर्ज देणारास उत्तमर्ण म्हणतात आणि घेणारास अधमर्ण. ऋणाच्या व्यवहारांत वरच्या अंगास कोण आणि खालच्या अंगास कोण, याविषयीं शब्द घडविणारांच्या मनांत यत्किंचितहि संशय नव्हता. पाणिनीनें तर उत्तमर्णासाठीं स्वतंत्र सूत्र रचून त्यास चतुर्थीचा मान दिला. छत्तीस वर्षें हे दोन शब्द आम्हीं वर्गांत शिकविले. परंतु ती वही हातांत घेईपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें कीं, नऊ माणसांचा हा कारखानदार एका अवाढव्य कंपनीचा उत्तमर्ण आहे. आणि तरी दर पंधरवड्यास तिच्या हिशेबखात्याच्या दारांत जो ताटकळत उभा राहतो तो हाच. व्याज मागण्याची तर गोष्टच नको.

एका घरचें गाऱ्हाणें म्हणून हें सोडून देतां आलें असतें तर बरें होतें. २०१५-१६ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत शेतीखेरीज इतर लहान उद्योगांची मोजदाद झाली, तेव्हां ते ६ कोटी ३३ लाखांवर भरले आणि त्यांत ११ कोटींवर माणसें पोट भरीत होतीं. महाराष्ट्रांतील उद्योग त्यांत अर्ध्या कोटीहून थोडे कमी, म्हणजे सुमारें ४७ लाख ७८ हजार. शेंकडा ९९ हून अधिक उद्योग 'सूक्ष्म' या वर्गांतले. (१ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत यंत्रसामग्री आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असणारासहि सूक्ष्मच म्हणावयाचें आहे. आमच्या कोशांत हा अर्थ बसत नाहीं. पण गल्लींतला शिंपी आणि अडीच कोटींचा धनी एकाच पंगतीस बसले आहेत खरे.) देशाच्या उत्पन्नाचा सुमारें शेंकडा ३० वांटा आणि निर्यातीचा शेंकडा ४५ च्या आसपासचा वांटा लहान व मध्यम उद्योगांचा, असें सरकारी आंकडे सांगतात. ज्यांच्या खांद्यांवर एवढें ओझें आहे त्यांस काय हवें, असें विचारलें कीं उत्तर ठरलेलें: कर्ज. १९५५ सालीं दत्तात्रय गोपाळ कर्वे यांच्या समितीनें ग्रामोद्योग व लघुउद्योग यांचा विचार केला तेव्हांपासून आजपर्यंत योजना पुष्कळ झाल्या. १९६७ सालीं ४७ वस्तु लहान उद्योगांसाठीं राखून ठेविल्या, पुढें ती यादी आठशेंच्या वर गेली, आणि २०१५ सालीं लोणचें, पाव, मेणबत्ती, उदबत्ती, वह्या अशा शेवटच्या २० वस्तूंवरील राखणहि उठली. या सर्वांच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याचे स्वतःचेच पैसे दुसऱ्याच्या पेटींत अडकले आहेत त्यास कर्ज देणें म्हणजे स्वतःच्या पैशांवर त्याजकडून व्याज घेणें होय.

भाच्यानें आम्हांस हिशेब मांडून दाखविला, तो गृहिणींसहि सहज कळण्याजोगा आहे. समजा, एक लाख रुपयांचा माल केला. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें कर १८ हजार, म्हणजे बिल १ लाख १८ हजारांचें. साठ हजारांचें पोलाद लागलें. पोलादवाला मोठा, तो रोख मागतो, आणि करासह ७० हजार ८०० रुपये घेतो. मजुरी, वीज आणि भाडें यांचे २५ हजार. हीं माणसें महिन्याच्या पलीकडे थांबत नाहींत, थांबूंहि नयेत. राहिला कर. पोलादावर भरलेले १०,८०० वजा जातां ७,२०० रुपये पुढल्या महिन्याच्या वीस तारखेस सरकारांत भरावे लागतात, मग गिऱ्हाइकानें पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे एक रुपयाहि हातीं येण्यापूर्वीं १ लाख ३ हजार बाहेर गेले, आणि सर्व सुरळीत झालें तर नफा १५ हजारांचा. गिऱ्हाईक नव्वद दिवसांनीं पैसे देतें. तेवढ्या रकमेवर बँकेचें शेंकडा १२ नें तीन महिन्यांचें व्याज तीन हजारांवर, म्हणजे नफ्याचा पांचवा हिस्सा गेला. सहा महिने लागले तर दोन हिस्से. गंमत अशी कीं, भाच्यानें भरलेल्या कराची वजावट ती मोठी कंपनी आपल्या हिशेबांत बिल येतांच घेऊन मोकळी होते. १८० दिवसांत पैसे चुकते केले नाहींत तरच ती परत करावी लागते.

याला कायदा नाहीं काय? आहे, आणि चांगला आहे. आमचे जुने शास्त्रकारहि या बाबतींत बेसावध नव्हते: मनूच्या अठरा व्यवहारपदांत पहिलें ऋणादान आणि सहावें वेतनादान, कौटिल्यानें वेतन न देणारास दंड सांगितला आहे. आजच्या सरकारनें १९९३ सालीं लघुउद्योगांच्या थकलेल्या रकमांवर व्याज देवविणारा कायदा केला, आणि २००६ सालीं त्याची जागा अधिक व्यापक कायद्यानें घेतली. त्याप्रमाणें सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, करार कांहींहि असो, ४५ दिवसांच्या आंत दिलेच पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ पद्धतीनें व्याज द्यावें लागतें. राज्यांतील परिषदेकडे अर्ज करावा. तिचा निकाल विरुद्ध गेला तर मोठ्या गिऱ्हाइकानें शेंकडा ७५ रक्कम भरल्याखेरीज त्याची हरकत न्यायालय ऐकून घेत नाहीं. २०१७ पासून हा अर्ज घरबसल्या करतां येतो. २०२३ सालीं आणखी एक पाऊल पडलें: लहान उद्योगाचे पैसे मुदतींत न दिल्यास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च प्राप्तिकरांत वजा मिळत नाहीं. (केवळ खरेदीविक्री करणारा दुकानदार या संरक्षणाच्या बाहेर आहे.) कायदे करणारांनीं आपलें काम केलें नाहीं, असें कोणी म्हणूं नये.

आम्हीं भाच्यास विचारलें, मग अर्ज कां करीत नाहींस? तो हंसला. म्हणाला, "मामा, अर्ज करायला अर्धा तास पुरतो. पण सोमवारपासून त्यांची ऑर्डर बंद होईल, आणि माझं निम्मं काम त्यांचंच आहे." रिझर्व्ह बँकेनें बिलें बँकांपुढें मांडून लगोलग पैसे मिळविण्याची एक सोय केली आहे, २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांस तेथें नांव नोंदविणें आतां भाग आहे. पण बिल तेथें जावयाचें तर कंपनीनें आधीं तें 'मान्य' म्हटलें पाहिजे. नांव नोंदविण्याची सक्ती करतां येते, मान डोलविण्याची करतां येत नाहीं. कायद्यानें उत्तमर्णाच्या हातांत तलवार दिली. पण तिचें पातें त्याच्याच पोटाकडे वळलेलें आहे.

येथपर्यंत लिहून लेखणी खालीं ठेवणें सोपें होतें. मोठ्या कंपन्यांस चार शब्द सुनावल्याचें समाधान आम्हांस मिळालें असतें आणि वाचकांसहि. परंतु भोसरीहून परततांना गाडींत आम्हांस सारखी आठवण होत राहिली ती दुसऱ्याच एका गृहस्थांची.

१९९१ सालीं आम्ही ज्या शाळेंत होतों तिचा सुवर्णमहोत्सव झाला. स्मरणिका काढावयाची ठरली आणि तें काम आम्हांकडे आलें. गांवांत एक लहानसा छापखाना होता: दोन ट्रेडल यंत्रें, खिळ्यांच्या केसी, मालक स्वतः, आणि एक जुळारी. हा जुळारी सातवीपर्यंत शिकलेला. पण जोडाक्षरांवर त्याचें असें प्रभुत्व होतें कीं, स्मरणिकेंतील संस्कृत मजकुराचीं आठ पानें त्यानें दोन मुद्रितांत निर्दोष करून दिलीं. द्ध आणि ध्द यांचा घोटाळा करणारे पदवीधर आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यानें तो एकदांहि केला नाहीं. समारंभ थाटांत झाला. बिल संस्थेकडे गेलें.

मग संस्थेच्या सभेस गणपूर्ति झाली नाहीं. पुढल्या सभेंत कोणी विचारलें, कागद ठरला होता तोच वापरला काय? नंतर हिशेबतपासनीस आले. मालक दर महिन्यास आमच्या घरीं येत. ओसरीवर बसत, चहा घेत, मुलांची चौकशी करीत. पैशांचें नांव निघत नसे. उठून चपला घालतांना मात्र म्हणत, "गुरुजी, तेवढं जरा पाहा. घाई नाहीं." आम्ही "पाहतों" म्हणत असूं. खरें सांगावयाचें तर आम्हीं पाहिलें नाहीं. सेक्रेटरींस पुनःपुन्हा पैशांविषयीं छेडणें आम्हांस शिष्टाचारास सोडून वाटे. पैसे आठव्या महिन्यांत मिळाले, आणि ते मिळवून देण्यांत आपण त्या गृहस्थांवर उपकार केला अशीच आमची समजूत होती.

मध्यंतरीं दिवाळी येऊन गेली होती. जुळाऱ्याचा दोन महिन्यांचा पगार थकला, तो मुंबईस जाऊन कोठेंसा पहारेकरी झाला. पुढल्या वर्षीं त्याच छापखान्यांत शाळेचा वार्षिक अंक छापला तेव्हां एका पानावर आम्हांस सतरा चुका सांपडल्या, आणि आम्ही मालकांवर रागावलों. त्यांनीं खालीं मान घालून ऐकून घेतलें. जुळारी कां गेला, हें त्यांनीं आम्हांस सांगितलें नाहीं. तें बऱ्याच वर्षांनीं दुसऱ्याकडून कळलें. तोंवर छापखाना मिटला होता.

आमच्या वर्गास पहिल्या तारखेची संवय. आमच्या वडिलांस पगार एक तारखेस मिळे, आम्हांस मिळाला, निवृत्तिवेतनहि ठरल्या वेळीं येतें. श्रमाचें मोल आणि तें हातीं येण्याचा दिवस यांत अंतर असूं शकतें, हें आम्ही पुस्तकांत वाचतों. त्यामुळें येणें मागणारा आम्हांस हलका वाटतो, आणि धंद्यांत पडलेल्या आमच्या मुलांसहि तें मागतां येत नाहीं. नोकरी सोडून उद्योगांत शिरा, असा उपदेश आमच्या मासिकांनीं शंभर वर्षें केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचें बेळगांवचें सायकलचें दुकान आणि दांडेकरांची शाई यांच्या कथा आम्हीं वर्गांत मुलांस सांगितल्या. त्यांत धाडस असे, चिकाटी असे, वसुलीचें प्रकरण आम्ही कधीं सांगितलें नाहीं. १९५९ सालीं गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला, ती लिज्जतची गोष्टहि अशीच अर्धी सांगितली जाते. लाटणाऱ्या बहिणीस रोजची मजुरी रोज द्यावयाची, म्हणून वितरकानेंहि माल रोखीनें उचलावयाचा, ही त्यांतली खरी मख्खी. उधारी शिरावयास त्यांनीं फटच ठेविली नाहीं. पापड घरोघर खपतो, म्हणून हें त्यांस साधलें. ज्याचें गिऱ्हाईक एकच आणि तेंहि मोठें, त्यास तें साधत नाहीं.

हल्लीं भाजीवालीचे वीस रुपये आम्ही फोनवरून देतों आणि पाटी उचलण्यापूर्वीं ते तिच्या खात्यांत जमा झालेले असतात. वीस लाख रुपये त्याच वाटेनें त्याच वेगानें जाऊं शकतात. तेव्हां उशीर होतो तो यंत्राचा नव्हे.

भाच्यास नोकरी पाहा असें आम्हीं सांगितलें नाहीं. बहीण त्यामुळें अजून थोडी रुसलेली आहे. मागील आठवड्यांत आम्ही पुन्हा भोसरीस गेलों होतों. जुळाऱ्याची गोष्ट आम्हीं त्यास सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या गाळ्यामागें एक म्हातारा भट्टीवाला आहे. भाच्यानें केलेल्या भागांस पाणी चढवून कठीण करण्याचें काम तो करतो. गोष्ट ऐकून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, माझ्याकडे पैसे अडकले, म्हणून मीहि त्या बाबांचे थकवले आहेत. तेहि येतात, बसतात, आणि जातांना म्हणतात, घाई नाहीं."

"किती दिवस झाले?" आम्हीं विचारलें.

त्यानें वही उलटी करून मागच्या बाजूनें उघडली. तेथें दुसरी यादी होती. बोटानें ओळ शोधून, मनांत दिवस मोजून तो म्हणाला, "एकसष्ट."