भीती रस्त्याची, टाच चाकात

शाळा सुटण्याच्या सुमारास अपघात विभागात एक दुखापत हमखास येते. मोटारसायकलच्या मागच्या चाकात अडकून फाटलेली टाच. मूल बहुधा पाच-सात वर्षांचं असतं. पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, लोंबकळत राहतात आणि तारांमध्ये जातात. टाचेची कातडी शिवली तरी अनेकदा काळी पडते, मग जखम भरायला आठवडे लागतात. शाळा किती लांब, असं मी विचारतो. "चालत दहा मिनिटं. पण एकट्याला कसं सोडणार, डॉक्टर? रस्ता बघताय ना!"

त्या आईचं चुकत नाही. मुंबई-गोवा महामार्ग पेणला लागून जातो, रोहा तालुक्यात कोलाडवरून जातो. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. धाटावच्या कारखान्यांची अवजड वाहनं वेगळीच.

मात्र आणखी थोडं बोललं की रस्ता मागे पडतो आणि 'मुलं पळवणारी टोळी' पुढे येते. याच अफवेपायी २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसं मारली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. टोळीच्या भीतीने आपण मुलाला बसवतो ते नेमकं दुचाकीवर, तिघांच्या मध्ये, हेल्मेटशिवाय. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, हे किती पालकांना माहीत असतं?

इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जात. १९९०मध्ये उरली ९ टक्के. मुलांचे अपघाती मृत्यू घटले, पण संशोधक मेयर हिलमन यांनी विचारलं, रस्ता सुरक्षित झाला की मुलंच रस्त्यावरून हटवली? आपल्याकडे शाळेच्या फाटकाशी पालकांच्याच गाड्यांची इतकी दाटी असते की चालत येणाऱ्या मुलाला वाट मिळत नाही.

सात वर्षांच्या मुलाला एकटं सोडा, असं मी म्हणत नाही. नऊ-दहा वर्षांपर्यंत येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज मुलांना नीट येत नाही. पण आळीतल्या पाच-सहा मुलांना एका आजीने किंवा काकाने चालत नेणं जमण्यासारखं आहे. गाडीवर न्यायचंच असेल तर साडीगार्ड काढू नका आणि पाय फूटरेस्टवर टेकतात का बघा. शाळा सुटताना अर्धा तास फाटकासमोर वाहनं बंद ठेवा, ही मागणी नगरपरिषदेकडे पालकांनीच करायची आहे. माझ्या ऐकिवात अजून ती कुणी केलेली नाही.